वाचलेल्या लेखांची, ऐकलेल्या पॉडकास्टची जाहीर नोंद: काय लिहावं, कुठे ठेवावं?

टिपकागद (धागाकर्ता)

वाचून झालेले लेख आणि ऐकून झालेले पॉडकास्ट यांची नोंद आपल्याच संकेतस्थळावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवण्याबद्दल हा धागा आहे. 'नंतर वाचू' म्हणून बाजूला टाकलेल्या दुव्यांची यादी हा वेगळा विषय. दोन्हींची सरमिसळ झाली की वर्षभराने नेमका कोणता लेख खरंच वाचला होता हे कळायला मार्ग उरत नाही.

ही नोंद कुठल्याही एका सेवेच्या भरवशावर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. संकेतस्थळांची फीड वाचायचं गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये, त्याच वर्षाच्या अखेरीस लेख साठवून वाचायचं ऑम्निव्होर, आणि तशाच कामाचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला. पॉकेटमधून बाहेर काढलेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) यादीत पाचच रकाने होते: शीर्षक, दुवा, साठवल्याची वेळ, टॅग आणि स्थिती. लेख वाचला कधी, ही तारीखच त्यात नव्हती. म्हणजे यादी हाती आली, पण वाचनाची नोंद आली नाही.

म्हणून मूळ नोंद आपल्या साध्या फाइलमध्ये असावी आणि संकेतस्थळ तिच्यावरून तयार व्हावं. आता प्रश्न असे: रकाने कोणते? पॉडकास्टची नोंद लेखासारखीच करायची का? आणि दहा वर्षांनी दुवा मेला तर नोंदीत काय उरलेलं असावं?

कासवगती

रकाने कमी ठेवा, पण हे सात सोडू नका: वाचून झाल्याची तारीख, प्रकार (लेख की श्राव्य), छापलंय तसंच शीर्षक, लेखक किंवा निवेदक, प्रकाशन किंवा मालिका, दुवा, आणि मूळ प्रसिद्धीची तारीख. आठवा रकाना स्वतःच्या शब्दांतल्या टिपणाचा.

वाचल्याची आणि प्रसिद्धीची तारीख वेगळी हवीच. करांचे दर, औषधं, सॉफ्टवेअर अशा विषयांवरचा सहा वर्षांपूर्वीचा लेख आज वाचला आणि फक्त आजची तारीख टाकली, तर पुढे ती माहिती ताजी समजून वापरली जाते.

तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांत. महिना आणि दिवस दोन-दोन अंकी, म्हणजे मार्चसाठी शून्य-तीन. असं केलं की साध्या अक्षरक्रमानेही कालक्रम बरोबर लागतो. देवनागरी आकडे पानावर दाखवताना वापरा. फाइलमध्ये ठेवले तर बहुतेक स्प्रेडशीट त्यांना तारीख न मानता मजकूर मानतात.

पाणपोई

वाचनखूण साठवली. टिपणात नक्की काय लिहायचं? 'उत्तम लेख' लिहून तर काही साधत नाही.

रानजाई

@पाणपोई, तीन तुकडे लिहायचे: दावा, आधार, शंका. नमुना देते:

"दावा: कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर वीजबिल लावल्याने उपसा वाढतो. आधार: तीन गावांतल्या विहिरींच्या नोंदी. शंका: त्या वर्षांतल्या पावसाचा हिशोब धरलेला नाही."

तीन छोटी वाक्यं आहेत, पण दुवा मेला तरी लेखात काय होतं हे यातून कळतं. 'शेती आणि विजेवर उत्तम विवेचन' असं लिहिलं असतं तर दुव्याबरोबर सगळंच गेलं असतं. टिपणात लेखातल्या नामांना जागा द्या: गावाचं नाव, पिकाचं नाव, कायद्याचं नाव. पुढे शोधताना आपण हेच शब्द टाइप करतो. 'विवेचन' टाकून कोणी शोधत नाही.

टॅगवर फार वेळ घालवू नका. टॅग ठरवताना त्या दिवशी डोक्यात असलेला विषय सुचतो, शोधताना वेगळाच सुचतो. दहा-बारा ठोक टॅग पुरतात. बारकावे टिपणातल्या शब्दांवर सोडा.

घाटमाथा

इथे असहमत. प्रत्येक नोंदीला तीन वाक्यांचं बंधन घातलं की पंधरा दिवसांत नोंदच थांबते. अडथळा जेवढा कमी तेवढी नोंद टिकते. ब्राउझरच्या वाचनखुणांच्या पट्टीवर बुकमार्कलेट ठेवा. एका टिचकीत ते पानाचं शीर्षक, दुवा आणि निवडलेला मजकूर घेऊन तुमचा फॉर्म उघडतं, तारीख आपोआप भरली जाते. फोनवर आयफोनच्या शॉर्टकट्समध्ये किंवा अँड्रॉइडच्या 'शेअर' यादीतून हेच जमतं. टिपणाचा रकाना ऐच्छिक ठेवा. दहातल्या दोन लेखांनाच टिपण मिळालं तरी चालेल, कारण त्याच दोनकडे आपण परत जाणार असतो.

एक काळजी घ्या: निवडलेला मजकूर आणि स्वतःचं टिपण एकाच रकान्यात टाकू नका. अवतरण वेगळं, टिपण वेगळं. नाहीतर दोन वर्षांनी लेखकाचं वाक्य आपलंच समजून उतरवलं जातं.

रानजाई

@घाटमाथा, अवतरणाचा वेगळा रकाना एकदम मान्य. पण परत कोणत्या दोन लेखांकडे जाणार हे वाचताना माहीत नसतं. मधला मार्ग काढू: टिपणाला सक्ती नाही, पण 'दावा' एवढं एक वाक्य तरी हवंच. तेही सुचत नसेल तर तो लेख वाचलेल्यांच्या यादीत घालू नये.

शून्यमात्रा

दुवा नोंदवण्यापूर्वी स्वच्छ करायला हवा, हे अजून कोणी लिहिलं नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा फेसबुकवरून आलेल्या दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम', 'एफबीक्लिड' अशा शेपट्या असतात. त्या तोडल्या नाहीत तर एकच लेख तीन वेगवेगळ्या दुव्यांनी तीनदा नोंदला जातो. सरसकट प्रश्नचिन्हापुढचं सगळं मात्र उडवू नका. जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळांवर लेखाचा क्रमांकच तिथे असतो. तो गेला की दुवा मुखपृष्ठावर नेतो. खात्रीचा उपाय म्हणजे पानाच्या स्रोतात 'कॅनॉनिकल' म्हणून, म्हणजे लेखाचा अधिकृत पत्ता म्हणून, दिलेला दुवा उचलणं, आणि तो उघडून तोच लेख येतोय ना हे पाहणं. काही संकेतस्थळं तिथे सगळ्याच पानांसाठी मुखपृष्ठाचा पत्ता देतात.

मराठी शब्द असलेले दुवे लांबलचक का होतात हेही सांगतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे चिन्हामागे नऊ अक्षरं. 'मराठी' या शब्दात काना-वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणून दुव्यात पंचेचाळीस अक्षरं. फाइलमध्ये हे लांब रूपच ठेवा. वाचनीय रूप छान दिसतं, पण काही प्रोग्राम ते मध्येच तोडतात. विकिपीडियाच्या पानासाठी 'स्थायी दुवा' घ्या, म्हणजे तुम्ही वाचलेली आवृत्तीच उघडेल.

तिरफळ

पॉडकास्टबद्दल लिहितो, कारण लेखाचा साचा तिथे तसाच चालत नाही.

पहिली अडचण वेळेची. 'बत्तीस मिनिटं दहा सेकंदांवर महत्त्वाचा मुद्दा' असं लिहिलं तरी तो मुद्दा दुसऱ्याला तिथे सापडेलच असं नाही. बऱ्याच मालिकांत भाग डाउनलोड होतानाच जाहिराती घातल्या जातात. आज पुण्यात उतरवलेली फाइल आणि सहा महिन्यांनी टोरांटोत उतरवलेली फाइल यांची लांबी वेगळी असू शकते, आणि पहिल्या जाहिरातीनंतरची प्रत्येक वेळ तेवढी सरकते. म्हणून मिनिट अंदाजे लिहा आणि सोबत त्या जागेचे पाच-सहा शब्द जसेच्या तसे द्या. प्रकरणांची नावं असतील तर प्रकरणाचं नाव. यूट्यूबवर तोच भाग असेल तर तिथली वेळ स्थिर असते. दुव्यात सेकंद द्यायचे: बत्तीस मिनिटं दहा सेकंद म्हणजे १९३०.

दुसरी अडचण दुव्याची. ध्वनिफाइलचा थेट दुवा कधी नोंदवू नका. त्यात मोजणी करणाऱ्या दोन-तीन कंपन्यांचे पत्ते एकापुढे एक जोडलेले असतात, आणि मालिकेने होस्टिंग बदललं की तो मोडतो. भागाच्या पानाचा दुवा घ्या, मालिकेच्या आरएसएस फीडचा (नवे भाग ॲपला कळवणाऱ्या यादीचा) पत्ता घ्या, आणि जमल्यास फीडमधला त्या भागाचा 'जीयूआयडी', म्हणजे ओळखक्रमांक, घ्या. शीर्षक बदललं, फाइल बदलली, तरी ही ओळख सहसा बदलत नाही. एखादी मालिका फक्त एकाच ॲपवर असेल तर तिला खुलं फीडच नसतं. तिथे मालिका, भाग क्रमांक आणि तारीख नीट लिहिणं एवढंच हातात आहे.

तिसरं, ॲपमधून बाहेर काढलेली ओपीएमएल फाइल म्हणजे ऐकल्याची नोंद नव्हे. तिच्यात फक्त कोणत्या मालिका धरल्या आहेत ते असतं. त्या फाइलवर विसंबून ॲप काढून टाकलं की इतिहास गेला.

पाणपोई

मग ऐकल्याचा इतिहास काढायचा कुठून? रोज हाताने लिहिणं पॉडकास्टला अवघड आहे. ऐकताना हात पोळपाटावर नाहीतर गाडीच्या चाकावर असतात.

तिरफळ

@पाणपोई, ॲपनुसार मार्ग वेगळा.

स्पॉटिफाय: खात्याच्या गोपनीयतेच्या पानावरून माहिती मागवा. साध्या मागणीत वर्षभराचाच इतिहास येतो. 'एक्स्टेंडेड' इतिहास वेगळा मागवावा लागतो आणि त्याला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. जेसन या साच्यातली मजकूर फाइल येते. तिच्यात गाणी आणि पॉडकास्ट एकत्र असतात. भागाचं नाव रिकामं नसलेल्या ओळी तेवढ्या गाळून घ्या. थांबून पुन्हा सुरू केलं की नवी ओळ पडते, त्यामुळे एकाच भागाच्या ओळींतले मिलिसेकंद बेरीज करून पाहा, तरच भाग पूर्ण झाला की नाही ते कळेल. वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, साडेपाच तास मिळवा.

अँटेनापॉड: सेटिंगमधून डेटाबेस बाहेर काढता येतो. ती एसक्यूलाइट फाइल आहे, म्हणजे एकाच फाइलमधले अनेक तक्ते. माध्यमांच्या तक्त्यात ऐकून पूर्ण झाल्याची वेळ १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत असते, हजाराने भागा म्हणजे सेकंद मिळतील.

यूट्यूब: गुगल टेकआउटमधून (आपली माहिती उतरवून घेण्याची गुगलची सोय) पाहिल्याचा इतिहास. मुळात एचटीएमएल निवडलेलं असतं, ते बदलून जेसन करा. यात व्हिडिओ किती वेळ पाहिला हे नसतं, फक्त उघडल्याची वेळ असते. त्यामुळे ही यादी कच्ची समजा आणि पूर्ण ऐकलेले भाग त्यातून हाताने निवडा.

मुक्कामपोस्ट

दीडपट वेगाने ऐकलेला तासाभराचा भाग चाळीस मिनिटांचा धरायचा का? मग वर्षअखेरीला बेरीज करताना आमच्यासारख्या घाईवाल्यांवर अन्याय होईल :)

कासवगती

@मुक्कामपोस्ट, भागाची मूळ लांबी नोंदवा, वेग नोंदवूच नका. आणि मिनिटांची बेरीज जाहीर पानावर दाखवूही नये. आकडा दिसला की तो वाढवायची ओढ लागते आणि छोटे, हलके भाग ऐकणं सुरू होतं.

आडवाट

दुवे मरण्याबद्दल. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यामुळे नोंद करतानाच प्रत ठेवायची.

इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये दुवा टाकला की त्या पानाची त्या क्षणाची प्रत तयार होते. तिच्या दुव्यात चौदा आकडे येतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळं यूटीसीत. रात्री दोन वाजता साठवलेल्या पानावर म्हणूनच आदल्या दिवशीची तारीख आणि साडेआठची वेळ दिसते. त्यात चूक काही नाही. साठवून झाल्यावर ती प्रत उघडून शेवटपर्यंत खाली जाऊन पाहा. वर्गणीच्या भिंतीमागचे लेख दोन परिच्छेदांवर थांबतात, आणि खाली सरकवल्यावर भरत जाणारी पानं अर्धवट साठतात.

म्हणून दुसरी प्रत आपल्याकडे. 'सिंगलफाइल' हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन अख्खं पान चित्रांसकट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवतं. चित्रं मजकुरात गुंफताना त्यांचा आकार साधारण एक-तृतीयांशाने वाढतो, त्यामुळे छायाचित्रं भरपूर असलेला लेख काही एमबीचा होतो. फाइलचं नाव नोंदीच्या क्रमांकावरूनच द्या.

ई-पेपरमधून वाचलं असेल तर दुव्यावर अजिबात विसंबू नका. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक. आवृत्ती महत्त्वाची, कारण पुणे आवृत्तीत असलेली बातमी नागपूर आवृत्तीत दुसऱ्या पानावर असते किंवा नसतेच.

रानजाई

@आडवाट यांच्या मुद्द्याला जोड. स्वतःपुरती प्रत ठेवणं आणि ती जाहीर पानावर चढवणं यात फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, संशोधन, टीका आणि समीक्षा यांच्यासाठी सवलत आहे. तिचा अर्थ कोणाचाही पूर्ण लेख आपल्या संकेतस्थळावर ठेवावा असा होत नाही. जाहीर नोंदीत दोन-तीन वाक्यांचं अवतरण, लेखकाचं नाव आणि मूळ दुवा एवढंच. सिंगलफाइलच्या प्रतींचा फोल्डर संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सगळं चढवताना तोही वर जातो.

घाटमाथा

आणि जाहीर काय करायचं, हेही ठरवा. आजारावरचे सलग पाच लेख, कर्जफेडीवरचे तीन, नोकरी बदलण्यावरचे दोन: एकेक नोंद निरुपद्रवी असते, पण ओळीने वाचली की घरातली परिस्थिती कोणालाही वाचता येते. फाइलमध्ये 'जाहीर: हो किंवा नाही' असा रकाना ठेवा आणि तो रिकामा असेल तर 'नाही' धरा. वेळ छापू नका, फक्त तारीख. नोंदी आठवड्याने एकदम प्रसिद्ध करा.

गिटहबवर (फाइलींचा बदल-इतिहास ठेवणारी सेवा) सार्वजनिक रेपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना खुला फोल्डर, असेल तर 'ड्राफ्ट' लिहून नोंद लपत नाही. पानावर दिसली नाही तरी मूळ फाइल कोणालाही उघडता येते, आणि नंतर पुसली तरी कमिटच्या, म्हणजे बदलांच्या, इतिहासात राहते. मूळ फाइल खासगी ठिकाणी ठेवा आणि गाळलेली तेवढीच बाहेर जाऊ द्या.

शून्यमात्रा

आता प्रसिद्धीच्या तांत्रिक भागाकडे. सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या गोष्टी लिहितो.

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीच्या जागी कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. ती यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. तशीच सेव्ह केली तर मात्र खरोखर बिघडते. 'डेटा' मेनूतून मजकूर फाइल आयात करून यूटीएफ-८ निवडा, किंवा फाइल बीओएमसह (यूटीएफ-८ ओळखू यावं म्हणून सुरुवातीला असलेली अदृश्य खूण) साठवा. लिबरऑफिस उघडतानाच अक्षरसंच विचारतं.

याम्लमध्ये ('खूण: मूल्य' अशा ओळींच्या फाइलींत) नोंदी ठेवत असाल तर शीर्षकातला विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविराम घात करतो. 'पाणी: हक्क की वस्तू' असं शीर्षक 'शीर्षक' या खुणेपुढे अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की पान तयार होताना त्रुटी येते. शीर्षक कायम अवतरणचिन्हांत.

साध्या फाइलींवरून संकेतस्थळ तयार करणारं ह्यूगो हे साधन भविष्यातली तारीख असलेलं पान प्रसिद्ध करत नाही. सकाळी नऊची वेळ टाकली आणि पुढे अधिक पाच-तीस लिहिलं नाही, तर ती वेळ यूटीसी धरली जाते, म्हणजे आपल्याकडचे दुपारी अडीच. सकाळी चढवलेली नोंद दिसत नाही, आणि अडीचनंतरही आपोआप येत नाही, कारण पुढचं बिल्ड (संकेतस्थळ पुन्हा तयार करणं) होईपर्यंत पान तयारच होत नाही. कॉन्फिगमध्ये एशिया-कोलकाता हा कालपट्टा एकदा लिहून टाका.

आणि शोध. मराठीत हा खरा कळीचा मुद्दा आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात स्वतंत्र 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह. डोळ्यांना सारखंच दिसतं, संगणकाला वेगळं. 'ॲप'चंही तसंच, जुन्या कीबोर्डवर तो अ, झेडडब्ल्यूजे आणि चंद्र असा येतो. एनएफसी सामान्यीकरण (युनिकोडची समतुल्य रूपं एक करण्याची पद्धत) केलं तरी हे एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते समतुल्य नाहीत. शीर्षक छापलंय तसंच ठेवा, पण शोधासाठी एक लपलेला रकाना तयार करा आणि त्यात दोन्ही रूपं एकाच रूपात बदलून घ्या. शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दावरही तीच प्रक्रिया करायची, नाहीतर निम्मंच काम झालं.

मुक्कामपोस्ट

@शून्यमात्रा, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा असा आहे. 'ऱ्या' न सापडण्याचं कारण आज कळलं.

एक शंका: अर्धवट वाचलेल्या लेखांचं काय?

कासवगती

लांब लेख मुद्दाम अर्ध्यावर सोडला असेल आणि सोडण्याचं कारण सांगता येत असेल तर नोंदवा, प्रकारात 'सोडला' लिहा. कारण सांगता येत नसेल तर नोंद नको. पॉडकास्टला निकष सोपा: फक्त मुलाखतीचा भाग ऐकला असेल तर 'मुलाखत तेवढी' असं लिहा. निवेदकाच्या प्रस्तावनेवरून पुढे कोणी मत मांडायला नको.

टिपकागद

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. कासवगतींचे आठ रकाने, त्यांत घाटमाथांचे 'अवतरण' आणि 'जाहीर' हे दोन, आडवाट यांचा 'प्रतीचा दुवा', तिरफळांचा 'जीयूआयडी', शिवाय नोंदीचा क्रमांक. तेरा झाले, पण रोज हाताने भरायचे चारच: प्रकार, दावा, जाहीर की नाही, आणि असल्यास अवतरण. बाकीचे बुकमार्कलेट आणि फीडमधून येतील. रानजाईंचा 'दावा नाही तर नोंद नाही' हा नियम मी धरतोय.

या नोंदीचं आरएसएस फीड द्यायचं आहे. काही धोके?

शून्यमात्रा

दोन. तुमच्या फीडमधला जीयूआयडी शीर्षकावरून बनवू नका. शीर्षकातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला की तीच नोंद वाचणाऱ्यांना नवी म्हणून पुन्हा जाते. तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रम यांचा क्रमांक बनवा आणि तो कधी बदलू नका. दुसरं, आरएसएसमधल्या तारखेत महिन्याचं नाव इंग्रजी लघुरूपातच लागतं. मराठी साचा वापरताना तिथे 'मार्च' उमटलं तर बरीचशी वाचक-ॲप ती तारीख ओळखत नाहीत आणि क्रम विस्कटतो. फीडमध्ये शेवटच्या वीस-तीस नोंदी पुरेत.

पाणपोई

पॉकेटची उतरवून ठेवलेली यादी यात मिसळावी का?

आडवाट

@पाणपोई, नको. वेगळी फाइल, नाव 'साठवलेले'. त्यातला एखादा लेख आता वाचलात तर आजच्या तारखेने नवी नोंद करा. त्या यादीतली वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आहे. एक्सेलमध्ये भारतीय वेळेनुसार तारीख हवी असेल तर त्या आकड्यात १९८०० मिळवा, ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा आणि रकान्याचं स्वरूप 'तारीख' करा.